रामकथेचा जीर्णोद्धार

(देवळाच्या जीर्णोद्धार सोहळ्यात, दुसऱ्या दिवशी सायंकाळी कीर्तनापूर्वी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते नागावचे रहिवासी असून अलिबाग येथे तहसील कार्यालयात लिपिक आहेत.)



मी व्याख्याता नव्हे. माझे शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. नोकरी सरकारी, काम फायलींचे आणि नोंदवह्यांचे. या व्यासपीठावर काल शास्त्रीबुवा बोलून गेले आणि माझ्यानंतर कीर्तनकार बुवा उभे राहणार आहेत. दोन गादीच्या मध्ये सतरंजी घालावी तसा माझा नंबर लागला आहे. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी, ही पहिली विनंती.

विषय मात्र मी हट्टाने मागून घेतला. आपली रामकथा तामिळ लोकांनी कशी सांगितली आणि बौद्धांनी कशी सांगितली, असा तो विषय आहे. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा आमच्या आळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला पारावर थांबवले. म्हणाले, “अरे, देवळाच्या कामात बौद्धांचे रामायण कशाला? आपले वाल्मीकी आहेत, नाथमहाराज आहेत, त्यात काय कमी पडले?” प्रश्न रास्त आहे. ते आज पहिल्या ओळीत बसले आहेत आणि मी जे बोलणार आहे ते त्यांनाच उत्तर म्हणून बोलणार आहे. पटले तर ठीक, न पटले तर कान धरण्याचा त्यांचा अधिकार आहेच.

प्रथम आपल्या देवळाकडे पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्या दुपारी काय झाले हे तुम्हाला सांगायला नको. वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले आणि देवळाची कौले अंगणात येऊन पडली. वासे उघडे पडले तेव्हा कळले, की आतून वाळवीने किती खाल्ले आहे. आज छप्पर नवे आहे, सभामंडप नवा आहे, फरशी नवी आहे, जुना लाकडी खांब एकच ठेवला आहे. तरी इथे आलेला म्हातारा माणूस ‘हे दुसरेच देऊळ’ असे म्हणत नाही. हात जोडतो आणि म्हणतो, आपले देऊळ. का? गाभारा तोच, देव तोच, पायरी तीच. आजूबाजूचे बदलले ते देव सुखरूप राहावा म्हणून.

माझे म्हणणे एवढेच आहे, की रामकथेचेही तसेच झाले. प्रत्येक प्रांताने, प्रत्येक पंथाने आपापल्या काळात तिचा जीर्णोद्धार केला. कोणी भिंत हलवली, कोणी नवे दालन काढले, कोणी एक दालन बंदच केले. आपण पाहायचे ते हे, की गाभाऱ्यात काय ठेवले.

आपल्या मराठीतही हेच घडले आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भावार्थ रामायण लिहावयास घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय होईपर्यंत ते त्यांच्या हातून झाले आणि पुढचे त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले, असे मानतात. ते काही वाल्मीकींचे शब्दाला शब्द असे भाषांतर नाही. मोरोपंतांच्या नावावर तर एकशेआठ रामायणे सांगितली जातात. माझे वडील सांगत, की १९५५ साली पुणे आकाशवाणीवर माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर आळी गोळा व्हायची. वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीते म्हणजेही जीर्णोद्धारच. आणि १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागे, तेव्हा मी लहान होतो. टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून आम्ही बसत असू. वाल्मीकींनी दूरचित्रवाणी पाहिली नव्हती म्हणून त्या दर्शनात राम नव्हता, असे कोणी म्हटले नाही.

आता बौद्धांकडे वळतो. बौद्ध म्हटले की आपल्याला वाटते कोणी दूरचे. पण आपल्या शेजारच्या चौलचाच विचार करा. चौल हे फार प्राचीन बंदर. तिथल्या टेकडीवर कोरीव लेणी आहेत. मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत दानाचे जे शिलालेख आहेत, त्यांत ‘चेमुल’ गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. चेमुल म्हणजे आपले चौल. आपल्याच जिल्ह्यात मांदाडजवळ कुडा येथे लेणी आहेत. तिथेही देणगीदारांची नावे दगडात कोरलेली आहेत आणि ती सारी राजेरजवाड्यांची नाहीत. त्यांत फुलांचा धंदा करणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. या स्मरणिकेच्या शेवटी आपण देणगीदारांची यादी छापली आहे, तशीच ती यादी समजा. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या मिळकतीतून चार नाणी बाजूला काढून डोंगरात धर्मस्थान कोरविले. ते आपल्याच मातीचे लोक. तिथे भिक्षू पावसाळ्यात राहत आणि लोकांना बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या गोष्टी सांगत असतील. त्या गोष्टींना जातक म्हणतात. पाली भाषेतल्या संग्रहात त्या ५४७ आहेत.

हे पाली वाङ्मय मराठीत आणण्याचे श्रेय मोठमोठ्या माणसांचे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून सिलोनपर्यंत गेले आणि पाली शिकून आले. बडोद्याचे प्राध्यापक चिं. वि. जोशी, ज्यांना आपण चिमणरावांचे जनक म्हणून ओळखतो, ते पालीचे पंडित होते आणि त्यांनी जातकांतल्या गोष्टी मराठीत आणल्या. माझ्यासारख्या एस. एस. सी. झालेल्या माणसाला जे कळले, ते अशांच्या कष्टामुळे.

तर या जातकांत ४६१ क्रमांकाचे जातक आहे, त्याचे नाव दशरथ जातक. गोष्ट थोडक्यात सांगतो.

जेतवनात बुद्ध असताना एका गृहस्थाचा बाप वारला. तो दुःखाने कामधंदा टाकून बसला. त्याचे सांत्वन करण्यासाठी बुद्धाने ही कथा सांगितली. वाराणसीत दशरथ नावाचा राजा होता. थोरल्या राणीला रामपंडित आणि लक्ष्मण हे दोन मुलगे आणि सीता ही मुलगी. राणी वारली. दुसरी पट्टराणी झाली, तिला भरत झाला. राजाने तिला वर दिला होता. मुलगा थोडा मोठा झाल्यावर तिने त्याच्यासाठी राज्य मागितले. राजाला भीती वाटली, की ही मुलांचे बरेवाईट करील. ज्योतिषांनी त्याचे आयुष्य अजून बारा वर्षे सांगितले होते. म्हणून त्याने मुलांना सांगितले, बारा वर्षे वनात जाऊन राहा, मग येऊन छत्र धारण करा. सीताही भावांबरोबर निघाली. तिघे हिमालयात आश्रम करून राहिले.

नऊ वर्षांतच राजा वारला. राणी भरताला गादीवर बसवू लागली. अमात्य म्हणाले, छत्राचे धनी वनात आहेत. आणि भरत स्वतः म्हणाला, मी रामाला घेऊन येतो. तो गेला. राम एकटाच होता, लक्ष्मण आणि सीता फळे आणायला गेली होती. भरताने बाप गेल्याचे सांगितले आणि रडू लागला. राम रडला नाही. इतक्यात ती दोघे परत येताना दिसली. रामाने विचार केला, ही लहान आहेत, एकदम ऐकून यांना सोसणार नाही. म्हणून तो लटकेच रागावला आणि म्हणाला, उशीर केलात, जा त्या पाण्यात उभे राहा. ती पाण्यात उभी राहिल्यावर त्याने बातमी सांगितली. ती तिथेच मूर्च्छित झाली, पण पाण्यात असल्यामुळे सावरता आली. वडीलभावाची ही युक्ती मला फार आवडते. मग रामाने सर्वांना समजावले, की जन्मलेला जाणारच, पिकलेले फळ गळणारच, आणि रडून गेलेला परत येत नाही.

भरत म्हणाला, चला, राज्य घ्या. राम म्हणाला, वडिलांनी बारा वर्षे सांगितली आहेत, तीन बाकी आहेत. मी आता आलो तर त्यांचा शब्द मोडेल. तोपर्यंत या माझ्या गवताच्या पादुका राज्य करतील. भरताने त्या वाराणसीला नेऊन सिंहासनावर ठेवल्या. आणि आता ऐका, तहसील कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला जो भाग विसरता येत नाही तो. अमात्य त्या पादुकांपुढे बसून न्यायनिवाडे करीत. निवाडा चुकला, की त्या गवताच्या पादुका एकमेकींवर आपटत. मग अमात्य घाबरून तो दावा पुन्हा तपासत. निवाडा बरोबर असला, की पादुका स्वस्थ राहत. तीन वर्षांनी राम परत आला आणि राज्यावर बसला. कथेच्या शेवटी बुद्ध सांगतो, की तेव्हाचा दशरथ म्हणजे माझे वडील शुद्धोदन, सीता म्हणजे राहुलची आई, भरत म्हणजे आनंद, लक्ष्मण म्हणजे सारिपुत्त, आणि राम म्हणजे मी.

या कथेत रावण नाही, लंका नाही, हरण नाही. मारुती नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. आणि सीता बहीण आहे, पुढे राम परतल्यावर ती त्याची राणी होते. इथे कपाळाला आठ्या पडतात, मला इथून दिसत आहेत. पण थोडे थांबा. बौद्ध ग्रंथांत बुद्धाच्या स्वतःच्या शाक्य कुळाची उत्पत्तीही अशीच सांगितली आहे, की वनात धाडलेल्या राजपुत्रांनी कुळ शुद्ध राहावे म्हणून बाहेर सोयरीक केली नाही. म्हणजे ज्यांनी ही कथा सांगितली त्यांनी ती कोणाला हिणवायला सांगितली नाही. आपल्या कुळाबद्दल जे अभिमानाने सांगत, तेच त्यांनी रामाच्या कुळाबद्दल सांगितले. आणि ज्याला आपण देव मानतो त्याला त्यांनी काय म्हटले? पूर्वजन्मीचा बुद्ध म्हटले. त्यांच्याकडे याहून मोठा मान द्यायला नव्हता. उगाच त्यावरून भांडणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांनी ही कथा पुरी वाचलेली नसते, असा माझा अनुभव आहे.

श्रावणबाळाचे पाहा. आपण मुलांना ती गोष्ट सांगतो. वाल्मीकींच्या रामायणात तो तापसाचा मुलगा बाणाने मरतो, आंधळे आईबाप दशरथाला शाप देऊन प्राण सोडतात आणि त्या शापातून पुढचे रामायण घडते. बौद्धांकडे त्याच धर्तीची साम जातकाची कथा आहे. तिथेही राजाच्या बाणाने मुलगा पडतो, तिथेही आईबाप आंधळे आहेत. पण ते शाप देत नाहीत. आमच्या मुलाने कधी खोटे आचरण केले नसेल तर त्या सत्याने विष उतरो, असे म्हणतात, आणि मुलगा उठून बसतो, आईबापांना दिसू लागते. हे चित्र आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात रंगवलेले आहे. एका घरात ती गोष्ट शापाने संपते, दुसऱ्या घरात क्षमेने. पण आईबापांची कावड दोन्ही घरांत आहे.

आणि देवळात बौद्धांची कथा कशाला, असे विचारणाऱ्यांना एक उलट उदाहरण देतो. थायलंड हा बौद्ध देश. तिथे बँकॉकला राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे प्रसिद्ध मंदिर आहे. त्या मंदिराच्या भोवतालच्या ओवरीच्या भिंतींवर सबंध रामायण रंगवलेले आहे, मारुतीसुद्धा. तिथले राजे राम हे नाव लावतात. त्यांनी आपल्या बुद्धाच्या दारात आपला राम रंगवला, तर आपण आपल्या मंडपात त्यांची एक गोष्ट अर्धा तास ऐकायला काय हरकत आहे?

आता दक्षिणेकडे जाऊ. काही वर्षांपूर्वी मी आईवडिलांना घेऊन रामेश्वरच्या यात्रेला गेलो होतो. वाटेत तंजावर लागले. तिथल्या बृहदीश्वराच्या प्रचंड देवळात भिंतीवर मराठी लेख दिसला, तेव्हा वडिलांनी चष्मा पुसून पुसून तो वाचला. सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला तो भोसले घराण्याचा इतिहास आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे राज्य तिथे होते, म्हणून आपली भाषा तिथवर गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात आपले मराठी कीर्तनही तिथे रुजले. तामिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग या आपल्या चाली आहेत. म्हणजे आपले कीर्तनकार बुवा ज्या चालीत गातात, त्याच चालीत तिकडचे बुवा तामिळ रामकथा गातात. देवाणघेवाण अशी असते.

तंजावरहून आम्ही श्रीरंगमला गेलो. तिथे रंगनाथाच्या देवळात कंबन मंडप दाखवतात. कंबन हा तामिळांचा महाकवी. बहुतेक अभ्यासक त्याला बाराव्या शतकातला मानतात. त्याने दहा हजारांवर पद्यांचे रामायण रचले आणि याच देवळात विद्वानांपुढे प्रथम वाचले, अशी परंपरा आहे. त्यात त्याने वाल्मीकींत नसलेली हिरण्यकशिपूची कथा घातली होती. बिभीषण रावणाला समजावताना ती सांगतो. पंडितांनी आक्षेप घेतला, की मूळात नसलेले का घातले. तेव्हा, अशी आख्यायिका आहे, की देवळातल्या नृसिंहाच्या मूर्तीनेच मान डोलावून मान्यता दिली. आमच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांना मी नम्रपणे सांगतो, की तुमचा आक्षेप आठशे वर्षे जुना आहे आणि त्यावर निकालही लागलेला आहे.

देणगीदार मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. कंबनाला शडैयप्पा नावाच्या एका शेतकरी जमीनदाराने पोसले. कवीला वाटले, दर शंभर पद्यांत एकदा त्याचे नाव घ्यावे. विद्वान म्हणाले, हे फार झाले, हजारात एकदा घ्या. असे सांगतात. पण त्या काव्यात शेवटी रामाच्या राज्याभिषेकाचा प्रसंग आहे, तिथे कवीने त्या उपकारकर्त्याच्या पूर्वजांच्या हातून मुकुट पुढे करविला आहे आणि तो घेऊन वसिष्ठांनी रामाच्या मस्तकी ठेवला आहे. देणगीदाराचे नाव लहान अक्षरांत आले की मोठ्या, यावर समितीत आपल्याकडेही चर्चा झाली. कंबनाने कसे सोडवले ते पाहा. मुकुट देण्याचा मान दात्याला दिला, पण मुकुट मात्र रामाच्याच डोक्यावर ठेवला.

कंबनाने काय काय बदलले? दोन-तीन ठिकाणेच सांगतो. वाल्मीकींत रावण सीतेला केसांना धरून, उचलून नेतो. तामिळ भक्तांना हे ऐकवेना. कंबनाचा रावण सीतेला स्पर्श करीत नाही. पर्णकुटीच तिच्याखालच्या जमिनीसकट उपटून तो नेतो. वाल्मीकींत रामसीतेची गाठ धनुष्य मोडल्यावर पडते. कंबनाने मिथिलेत शिरतानाच दोघांची दृष्टादृष्ट घडविली आहे, कारण तामिळ काव्यात विवाहापूर्वीच्या प्रीतीची मोठी परंपरा होती. आणि त्याने राज्याभिषेकाशी कथा संपविली आहे. उत्तरकांड, सीतेचा त्याग, हे त्याने लिहिले नाही.

पण ज्या एका बदलाने माझे मन धरून ठेवले तो सांगतो आणि शेवटाकडे येतो. गंगा ओलांडताना गुह भेटतो. आपण त्याला रामाचा मित्र म्हणतो. कंबनाचा राम त्याला भाऊ म्हणतो. आम्ही चौघे होतो, तू मिळालास आणि पाच झालो, अशा अर्थाचे बोलतो. कोळी-नावाडी माणसाला अयोध्येचा राजपुत्र भाऊ म्हणतो, हे आपल्या किनाऱ्यावर मोठ्याने सांगावेसे वाटते. पुढे सुग्रीव मिळतो तेव्हा सहा होतात. पुढे बिभीषण येतो, शत्रूचा भाऊ, तेव्हा सात होतात. आणि राम म्हणतो, की मला वनात धाडून आपल्या वडिलांच्या पदरी मुलगे वाढलेच. राज्य गेले त्याचा हिशेब तो असा मांडतो.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवा. बौद्धांनी रावण काढून टाकला, लंका काढून टाकली, युद्ध काढून टाकले. तामिळांनी युद्ध ठेवले, वर नव्या कथा घातल्या. एकाने घर लहान केले, दुसऱ्याने मोठे केले. पण दोघांनीही एक जागा हलविली नाही. राज्य हातात असून ते घ्यायला नकार देणारा भरत दोन्हीकडे आहे. पादुका दोन्हीकडे आहेत. वाल्मीकींकडे आहेत, नाथमहाराजांकडे आहेत. गाभारा म्हणतात तो हा. रावणावाचून रामकथा सांगता आली, असे बौद्धांनी दाखविले. भरतावाचून मात्र यांच्यापैकी कोणालाच सांगता आली नाही.

मला हे पुस्तकांत समजले नाही. कचेरीत समजले. आमच्याकडे फेरफाराच्या, वारसनोंदीच्या, वाटपाच्या फायली येतात. त्यातल्या तक्रारी शत्रूंच्या फार थोड्या. बहुतेक सख्ख्या भावांच्या. चार गुंठे वाडी, विहिरीचा पाळीचा वाटा, एक फणस. रावण क्वचित येतो, कैकेयी वरचेवर येते, भरत कधी अर्ज घेऊन येत नाही, कारण त्याला अर्जच करायचा नसतो.

आणि दुसऱ्यांचे कशाला, माझेच सांगतो. गावाला ठाऊक आहे, त्यामुळे लपविण्यासारखे नाही. वडील गेल्यावर वाडीच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावे लागली. धाकटा मुंबईला, मी इथे. नारळ-सुपारीचे उत्पन्न मीच घेत होतो. त्याने एकदा हिशेब विचारला. मी म्हणालो, तू कधी माडाला एक कळशी पाणी घातलेस का? तो गप्प बसला, आणि नंतर आमचे बोलणेच बंद झाले. गणपतीला तो येईनासा झाला. कायद्याचे ज्ञान मला अधिक, त्याचा मला थोडा गर्वही होता, हे कबूल करतो.

मग वादळ आले. महिनाभर मी लोकांच्या पंचनाम्यांचे कागद पाहत होतो. सामाईक खाते असले की नुकसानभरपाईसाठी दुसऱ्या खातेदाराचे संमतिपत्र लागते. रोज वीस जणांना मी सांगत होतो, भावाचे संमतिपत्र आणा. एके दिवशी माझ्याच वाडीचा कागद माझ्या पुढ्यात आला. चौदा माड आणि निम्म्या पोफळी पडल्या होत्या. आणि भावाचे संमतिपत्र मला हवे होते. फोन करायला जीभ उचलेना. पत्नीने वहिनीला कळविले. टाळेबंदीचे दिवस होते. आठ दिवसांनी गावच्या एका मुलाच्या हाती पाकीट आले. आत संमतिपत्र होते, सही केलेले, रक्कम सर्वस्वी मला मिळण्यास हरकत नाही असे लिहिलेले. सोबत चिठ्ठी नव्हती, अट नव्हती, टोमणाही नव्हता.

श्रोते हो, कागदपत्र मी जन्मभर हाताळले. पण तो कागद हातात घेतल्यावर मला रात्री झोप आली नाही. दशरथ जातक मी त्याआधी वाचले होते आणि पादुका आपटतात हे गमतीचे वाटले होते. त्या रात्री कळले, की ती गंमत नाही. निवाडा चुकला होता आणि तो करणारा मीच होतो. थोरला मी, आणि भरत मात्र धाकटा निघाला.

गाड्या सुरू झाल्यावर मी मुंबईला गेलो. मागच्या वर्षांच्या उत्पन्नाचा जमेल तसा हिशेब वहीत लिहून नेला होता. त्याने वही उघडली नाही. म्हणाला, दादा, आधी जेव. त्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघांनी मिळून वाडीत नवे माड लावले. पाणी त्यानेही घातले, चार कळशा, मी मोजल्या. या स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या यादीत आमच्या वडिलांच्या नावे एक लहानशी रक्कम आहे. तिच्यापुढे आम्हा दोघांची नावे एका ओळीत आहेत. रकमेचे काही विशेष नाही. ओळ एक आहे, एवढेच विशेष.

म्हणून आमच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांना माझे उत्तर हे, की नाथमहाराजांत काही कमी पडले नाही. पण मला माझी चूक दाखविली ती बौद्धांच्या गवताच्या पादुकांनी, आणि भाऊपण वाढविता येते हे सांगितले ते तामिळ कवीच्या रामाने. आपल्या घराचा दिवा शेजाऱ्याच्या ओटीवरून पेटवून आणला, तर उजेड काही परका होत नाही.

देऊळ नवे झाले आहे. आता यात जे बसतील त्यांनी, समितीच्या बैठकीत, मानपानाच्या प्रश्नात, पालखीच्या वाटेवरून वाद होतील तेव्हा, समोर दोन पादुका ठेवल्या आहेत असे समजावे आणि जरा कान देऊन ऐकावे.

बुवा तयार आहेत, मृदंग लागला आहे.  अधिक वेळ घेत नाही.

जय जय रघुवीर समर्थ.